समदुःखींची बैठक

भोर आणि वेल्हे (आताचा राजगड) हे पुणे जिल्ह्यातील डोंगराळ तालुके. खोऱ्याखोऱ्यांत विखुरलेल्या तेथील वाड्या-वस्त्यांत कुणाच्या घरी मृत्यू घडला की सारे गाव धावून येते. स्वयंपाकापासून उत्तरकार्यापर्यंतचा भार शेजारी उचलतात. तेरावा आटोपला की मात्र ज्याचे त्याचे संसार सुरू होतात. वयोवृद्धांच्या निधनानंतर हे क्रमप्राप्तच असते. परंतु ज्या घरातील मूल गेले, त्या आईवडिलांचा खरा शोक पुष्कळदा त्यानंतरच सुरू होतो. शाळा उघडते, बरोबरीची मुले वरच्या वर्गात जातात, वाढदिवसाची तारीख येते, आणि त्या दिवशी घराकडे कोणी फिरकत नाही.

लोक निष्ठुर असतात असे नाही. काय बोलावे ते त्यांना सुचत नाही. आठवण निघाली तर आई रडेल, या भीतीने मुलाचे नावही घेतले जात नाही. बोलणारे बोलतात तेही ‘कर्माचे भोग’, ‘दुसऱ्या लेकराकडे पाहा’, ‘आता मन घट्ट करा’ एवढेच. हेतू चांगला असतो. पण ऐकणाऱ्याला त्यातून एवढेच कळते की आपले दुःख आता लोकांना जड होऊ लागले आहे. मग आई चुलीपाशी अश्रू गिळते आणि वडील शेतावर. एकाच घरात राहून दोघे एकमेकांपासून दुःख लपवितात.

कनकगिरीच्या लढाईत ज्येष्ठ पुत्र संभाजीराजांना गमावलेल्या जिजाऊंचे वास्तव्य याच भागातील राजगडावर होते. त्यांच्या धैर्याचे वर्णन पिढ्यान्‌पिढ्या होत आले. त्यांच्या शोकाविषयी क्वचितच बोलले जाते. धैर्याचे कौतुक करणे समाजाला सोपे जाते, शोकाजवळ बसणे अवघड.

हे अवघड काम कोण करू शकते, याचे उत्तर इंग्लंडमधील कॉव्हेंट्री शहरातील एका रुग्णालयात सापडले. १९६८ साली तेथे दोन मुले थोड्याच दिवसांच्या अंतराने दगावली. एक अपघाताने, दुसरा आजाराने. सायमन स्टीफन्स हे तरुण धर्मोपदेशक दोन्ही कुटुंबांना भेटत असत. ही दोन कुटुंबे एकमेकांच्या संपर्कात आली, चहाच्या निमित्ताने एकत्र बसली आणि आपापल्या मुलांविषयी मोकळेपणाने बोलू लागली. आपण देऊ शकत नाही असा आधार हे आईवडील परस्परांना देत आहेत, हे स्टीफन्स यांनी ओळखले. त्यातून १९६९ मध्ये ‘द कम्पॅशनेट फ्रेंड्स’ ही संस्था उभी राहिली आणि पुढे अनेक देशांत पसरली. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी सायंकाळी सात वाजता जगभर असंख्य घरांत दिवंगत मुलांच्या स्मरणार्थ मेणबत्ती लावली जाते, ती प्रथाही याच संस्थेची.

भोर-वेल्ह्यात अशी बैठक सुरू करायची तर घडी नव्याने बसवावी लागणार नाही. नाबार्डने १९९२ मध्ये ५०० गटांपासून बचत गट आणि बँका यांची सांगड घालण्यास प्रारंभ केला. या भागात ज्ञान प्रबोधिनीसारख्या संस्थेने स्त्रियांचे बचत गट वर्षानुवर्षे चालविले आहेत. दहा-वीस जणींनी ठरलेल्या दिवशी गोल बसावे, प्रत्येकीने बोलावे, हा शिरस्ता येथे अंगवळणी पडलेला आहे. बचत गट टिकतो तो रकमेच्या आकारावर नव्हे, नियमित बैठकीवर आणि परस्परांच्या विश्वासावर. शोकाच्या बैठकीलाही हीच दोन पथ्ये लागतात.

शिवाय आणखी काही. येथे उपदेश नसावा. कुणाचे दुःख मोठे, याची तुलना नसावी. जे ऐकले ते बैठकीबाहेर जाऊ नये. लहान गावात याला विशेष महत्त्व आहे. ज्याला बोलावेसे वाटत नाही त्याला गप्प बसण्याची मुभा असावी. ज्यांच्या दुःखाला काही वर्षे लोटली आहेत अशा आईवडिलांनी पुढाकार घ्यावा. कारण नुकत्याच पोळलेल्या जिवाला ‘यातूनही माणूस जगतो’ हे त्यांच्याकडे पाहूनच पटते. गाव लहान असेल तर चार-पाच गावांची मिळून बैठक बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या ठिकाणी घेता येईल. आणि वडिलांना आवर्जून बोलवावे. रडण्याची मोकळीक त्यांना सर्वांत कमी मिळते.

या बैठकीला मर्यादाही आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या वर्गीकरणानुसार, सहा महिन्यांहून अधिक काळ टिकणारा आणि दैनंदिन जीवन विस्कळीत करणारा तीव्र शोक हा उपचारयोग्य विकार असू शकतो. जेवणखाण, झोप सुटली असेल किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत असतील, तर सहा महिने थांबू नये. तत्काळ डॉक्टरांकडे न्यावे. केंद्र सरकारची ‘टेली मानस’ ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असून तेथे मराठीतही बोलता येते.

कॉव्हेंट्रीत आरंभ दोनच कुटुंबांनी केला होता. दोन घरे पुढे आली तर येथेही तेवढ्यावर भागेल. आणि ज्यांच्यावर असा प्रसंग आलेला नाही, त्यांनाही एक गोष्ट करता येईल. त्या मुलाच्या वाढदिवशी त्याच्या घरी जावे, त्याचे नाव घ्यावे आणि त्याची एखादी आठवण सांगावी. आईच्या डोळ्यांत पाणी येईल. ते येऊ द्यावे आणि लगेच उठून जाऊ नये.