नकाशा आपणच काढायचा
१९८१ साली ॲपल टू संगणकावर आलेल्या 'विझर्ड्री' या खेळाचा नवा अवतार २०२४ मध्ये आला आणि जुन्या वादाला पुन्हा फोडणी मिळाली. त्या खेळात मेलेला गडी जिवंत करायला देवळात न्यावा, तर मंत्र फसून त्याची राख व्हायची. राखेवरही डाव फसला की गडी कायमचा गेला! कुणाला हा निव्वळ छळ वाटतो, कुणाला हीच खरी गंमत. मला विचाराल तर दोघांनीही २००७चा 'एट्रियन ओडिसी' खेळावा. आपण एक पाऊल टाकलं की त्यातले बडे राक्षसही एक पाऊल सरकतात, आणि भूलभुलैयाच्या भिंती निन्टेंडो डीएसच्या खालच्या पडद्यावर आपल्यालाच रेघा ओढून मांडाव्या लागतात. (चुकीची रेघ ओढलीत तर भोगा.) आयता नकाशा हवा असणाऱ्यांनी या वाटेला जाऊच नये.