गल्लीतील वेग आणि पेढीची जबाबदारी

रावेर शहरातून जाणारा बऱ्हाणपूर-अंकलेश्वर मार्ग हा या भागातील व्यापाराचा कणा होय. केळीचा हंगाम भरात आला की उत्तर भारताकडे माल नेणाऱ्या मालमोटारींची वर्दळ रात्रंदिवस चालू राहते. मोठ्या रस्त्यावरील अपघातांची किंमत या तालुक्याला चांगलीच ठाऊक आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये यावल तालुक्यातील किनगावजवळ पपईने भरलेली मालमोटार उलटली आणि किमान १५ मजुरांचा बळी गेला. त्यांतील बहुतेक रावेर तालुक्यातील होते.

अशा दुर्घटनेची वार्ता सर्वदूर जाते. गल्लीत घरासमोर दुचाकीची धडक बसून एखाद्या वृद्धेचे खुब्याचे हाड मोडले, तर त्याची नोंद बहुधा घराबाहेर होत नाही. वस्तुतः दाट वस्तीतील रस्ता हा घराचाच विस्तार असतो. ओटे थेट रस्त्याला लागलेले असतात, मुले तेथेच खेळतात, वृद्ध मंडळी सकाळी तेथूनच मंदिरात जातात. विहार करणारे साधु-साध्वीही अनवाणी याच रस्त्यांनी पहाटे मार्गस्थ होतात. चालताना पुढील चार हात भूमी न्याहाळावी, अशी शिकवण इर्यासमिती देते. त्या शिकवणीत वाढलेल्या घरातील वाहनाने त्याच भूमीवरून कसे जावे, हा प्रश्न त्यामुळे अप्रस्तुत ठरत नाही.

व्यापारी कुटुंबाला पटेल असा या प्रश्नाचा साधा हिशेब मांडता येतो. गल्लीची लांबी अर्धा किलोमीटर धरली, तर ताशी २० किलोमीटर वेगाने ती पार करण्यास ९० सेकंद लागतात आणि ताशी ४० किलोमीटर वेगाने ४५ सेकंद. जमेची बाजू एवढीच, पाऊण मिनिटाची. खर्चाची बाजू मात्र निराळी आहे. धोका दिसल्यापासून ब्रेक दाबेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. कोरडा रस्ता आणि उत्तम ब्रेक गृहीत धरले, तरी ताशी २० च्या वेगाने जाणारे वाहन साधारण ८ मीटरमध्ये थांबते. ताशी ४० च्या वेगाने जाणाऱ्या वाहनास जवळजवळ २० मीटर लागतात. वेग दुप्पट झाला की धडकेतील ऊर्जा चौपट होते. चेंडूमागे धावत आलेले मूल १० मीटरवर दिसले, तर पहिले वाहन थांबते आणि दुसऱ्याचा ब्रेक त्या वेळी जेमतेम लागायचा असतो.

कायद्याची स्थितीही जाणून घेण्यासारखी आहे. केंद्र शासनाच्या एप्रिल २०१८ च्या अधिसूचनेने नगरपालिका हद्दीतील रस्त्यांवर मोटारींसाठी ताशी ७०, तर दुचाकी व मालवाहू वाहनांसाठी ताशी ६० किलोमीटर ही कमाल मर्यादा ठरवली. ही मर्यादा गल्लीला लागू पडणारी नव्हे, हे उघड आहे. म्हणूनच मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ११२ अन्वये राज्य शासनाला किंवा त्याने प्राधिकृत केलेल्या अधिकाऱ्याला सार्वजनिक सुरक्षिततेसाठी विशिष्ट रस्त्यावर कमी मर्यादा ठरवता येते. तसा फलक मात्र लावला गेला पाहिजे. ऑस्ट्रियातील ग्राझ या शहराने १९९२ सालीच मुख्य रस्ते वगळून सर्वत्र ताशी ३० किलोमीटरची मर्यादा लागू केली. फेब्रुवारी २०२० च्या स्टॉकहोम जाहीरनाम्यानेही पादचारी व वाहने एकत्र येतात तेथे हीच मर्यादा असावी, असे आवाहन केले.

त्याच अधिनियमाचे कलम १८३ पेढीच्या मालकांनी विशेष लक्षपूर्वक वाचावे. मर्यादेपेक्षा अधिक वेगाने वाहन चालवणारा जसा दोषी, तसाच नोकराकडून तसे चालवून घेणारा मालकही दोषी ठरतो. ‘चार वाजेपर्यंत माल पोहोचलाच पाहिजे’ या आज्ञेत वेगाचा उल्लेख नसतो. तरी टेम्पो गल्लीतून सुसाट जातो तो त्या आज्ञेमुळेच.

याहून गंभीर बाब घरातील अल्पवयीन मुलांची आहे. दहावी-बारावीतील मुलाला बाजारातून सामान आणण्यासाठी स्कूटर देणे अनेक घरांत सोयीचे मानले जाते. वयाच्या सोळाव्या वर्षी परवाना मिळतो तो ५० सीसीपर्यंतच्या दुचाकीचा. आजच्या बहुतेक स्कूटर त्याहून कितीतरी शक्तिशाली असतात. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक दोषी मानला जातो. त्याबद्दल तीन वर्षांपर्यंत कारावास व २५,००० रुपये दंड होऊ शकतो, वाहनाची नोंदणी बारा महिने रद्द होते आणि त्या मुलाला पंचविसाव्या वर्षापर्यंत परवाना मिळत नाही. आपल्याला कल्पना नव्हती किंवा आपण पुरेशी दक्षता घेतली होती, हे सिद्ध करण्याचा भार पालकावरच असतो. विम्याचा आधारही डळमळतो. मालकाने अटींचा जाणीवपूर्वक भंग केल्याचे सिद्ध झाल्यास, विमा कंपनीने जखमीला दिलेली भरपाई मालकाकडून वसूल करण्याची मुभा न्यायालय देऊ शकते.

उपायांचा विषय निघाला की गतिरोधकाची मागणी प्रथम होते. पुष्कळदा रहिवासी स्वतःच सिमेंट-विटांचा उंचवटा उभारतात. रात्री तो दिसत नाही, दुचाकीस्वार त्यावर आपटतात आणि रुग्णवाहिकेतील रुग्णाचे हाल होतात. भारतीय रस्ते महासभेच्या १९८८ च्या मार्गदर्शक सूचनांत गतिरोधकाची रुंदी ३.७ मीटर व उंची १० सेंटिमीटर सांगितली आहे. ताशी २५ किलोमीटरच्या वेगाने जाणारे वाहन त्यावरून सुखरूप जावे, हा त्यामागील हेतू. म्हणून गल्लीतील रहिवाशांनी एकत्रित सह्यांचा अर्ज नगरपालिकेच्या मुख्याधिकाऱ्यांकडे द्यावा. त्यात शास्त्रशुद्ध गतिरोधक, पांढरे पट्टे, सूचनाफलक आणि वेगमर्यादेसाठी सक्षम अधिकाऱ्याकडे शिफारस, या चारही गोष्टी मागाव्यात. अर्जाची पोच जपून ठेवावी.

फलक लागेपर्यंत थांबण्याचे मात्र कारण नाही. शाळा भरण्या-सुटण्याच्या वेळा टाळून माल उतरवणे, चालकाला गल्लीसाठी ताशी २० किलोमीटरची मर्यादा स्पष्ट शब्दांत सांगणे, उशीर झाल्यास त्याला न रागावणे आणि स्कूटरची किल्ली मुलाच्या हाती लागणार नाही अशी ठेवणे, एवढे प्रत्येक पेढीला व घराला आजच करता येईल. ग्राहकाला माल पाऊण मिनिट उशिरा मिळाला, तर तो तक्रार करणार नाही.