कोसोव्हो : कायदा कोणाचा?

युद्धोत्तर प्रदेशात न्यायालयाची इमारत लवकर उभी राहते; तेथे कोणता कायदा चालवायचा, हा खरा पेच असतो. जून १९९९ मध्ये कोसोव्होचा कारभार हाती घेताना संयुक्त राष्ट्रांनी युगोस्लाव्ह कायदाच कायम ठेवला. अल्बानियन न्यायाधीशांनी तो जुलमाचे हत्यार म्हणून नाकारला. अखेर डिसेंबरमध्ये, स्वायत्तता हिरावली जाण्यापूर्वीचा, २२ मार्च १९८९ रोजीचा कायदा पूर्वलक्षी प्रभावाने लागू झाला. २००० पासून परदेशी न्यायाधीश आले. स्थानिक भाषा आणि कायदा दोन्हींशी अपरिचित अशा या न्यायाधीशांची भिस्त विधी अधिकारी व दुभाष्यांवर राहिली. २००८ मध्ये युरोपीय संघाची मोहीम आली. २०१८ मध्ये तिचे न्यायदानाचे अधिकार संपले. न्यायाधीश परतले, निकालांवर विश्वास बसवण्याचे काम मात्र स्थानिक न्यायालयांकडेच उरले.