काठवट, लाटणं आणि लेथ

स्वयंपाकघरातलं लाटणं हातात घेऊन एकदा नीट बघा. मध्ये जाड, दोन्हीकडे निमुळतं होत गेलेलं, टोकांना गोल मुठी. हा आकार कुणी तासून काढलेला नाही. लाकूड गरगर फिरत होतं आणि कारागीर धारदार पटाशी लावून जागच्या जागी बसला होता. मराठीत याला लाकूड कातणं म्हणतात, म्हणून कातीव काम. आपल्या बुऱ्हाणपुरात मात्र खराद हाच शब्द चालतो आणि करणारा तो खरादी. खाटेचे पाय, पाळण्याचे दांडे, भोवरा, कुंकवाचा करंडा, पॉवरलूमच्या धोट्यात बसायच्या जुन्या लाकडी कांड्या, हे सगळं खरादावरचंच. कांड्या आता बहुतेक प्लास्टिकच्या झाल्या आणि खाटा लोखंडी.

गेली चार वर्षं मी गच्चीवरच्या खोलीत छोट्या लेथवर हेच काम करतो. वाडगे आणि पेन. "हा फॉरेनचा छंद तुला कुठून लागला?" असं बरेच जण विचारतात. त्यांचाही दोष नाही, व्हिडिओत दिसतात ते गॅरेजमधले गोरे आजोबाच. पण भोपाळला जाताना इटारसीनंतर नर्मदेचा पूल ओलांडला की बुधनी लागतं, तिथली लाकडी खेळणी आपण लहानपणी खेळलोय. ती खरादावरचीच. लाकूड दुधीचं, म्हणजे मराठीतला काळा कुडा. कर्नाटकातल्या चन्नपट्टणची खेळणीही याच झाडाची. पांढरं, बारीक पोताचं, पटाशीखाली लोण्यासारखं जाणारं लाकूड. रंग देण्याची रीत तर बघत राहावी अशी. रंगीत लाखेची कांडी फिरत्या लाकडावर दाबायची. घासण्याच्या उष्णतेनं लाख वितळते आणि लाकडावर चढते. मग केवड्याच्या जातीचं पान दाबून धरलं की चकाकी येते. ब्रश नाही, वाळवणं नाही. सावंतवाडीची लाकडी फळं माहीत असतील, तर लाखकामाची मराठी शाखाही तुम्ही पाहिलेली आहे.

पेनाबद्दल थोडक्यात सांगतो, कारण पेन सोपं आहे. बोटाएवढा जाड चौकोनी तुकडा, त्यात 7 मिलिमीटरचं आरपार भोक, आत पितळी नळी चिकटवायची, सळईवर चढवून कातायचं, पॉलिश करून किटचे भाग दाबून बसवायचे. एका संध्याकाळचं काम. सागवानात तेल असतं, म्हणून चिकटवण्याआधी भोक ॲसिटोननं पुसून घ्यावं लागतं, एवढीच मेख. किट न वापरता सगळं पेन लेथवर घडवणं ही वेगळीच पायरी. राजमहेंद्रीच्या रत्नम यांनी 1930च्या दशकात एबोनाइटची स्वदेशी फाउंटन पेनं बनवायला सुरुवात केली, तीही लेथवर. त्या पायरीवर मी अजून चढलेलो नाही.

वाडग्यात मात्र खरी मजा आहे आणि खरा धोकाही. पेन 15 मिलिमीटर जाडीचं. मिनिटाला 2500 फेऱ्या दिल्या तरी त्याच्या पृष्ठभागाचा वेग ताशी 7 किलोमीटर, म्हणजे झपाट्यानं चालणाऱ्या माणसाएवढा. त्याच फेऱ्यांवर 8 इंची वाडग्याचा ठोकळा लावला तर कडेचा वेग ताशी 96 किलोमीटरच्या आसपास जातो. एवढ्या वेगानं दोन किलोचं लाकूड सुटलं तर काय होईल ते सांगायला नको. म्हणून साधा हिशेब ठेवायचा: इंचातला व्यास गुणिले फेऱ्या हे उत्तर 6000 ते 9000च्या आत राहिलं पाहिजे. 8 इंचाला 750 ते 1100 फेऱ्या. ओबडधोबड ठोकळा असेल तर त्याहूनही कमी. तोंडावर पूर्ण फेस शील्ड हवं, नुसता चष्मा चालत नाही. हातमोजे अजिबात घालायचे नाहीत. कापड गुंडाळलं गेलं तर हातही आत जातो. पटाशी आधी पट्टीवर टेकवायची, मग धारेची पाठ फिरत्या लाकडाला लावायची, आणि मग मूठ हळूच उचलायची. हा क्रम कधीच बदलायचा नाही.

धूळ हा आणखी एक विषय, आणि त्याबद्दल फारसं कुणी बोलत नाही. लाकडाची धूळ कॅन्सरला कारण ठरते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संशोधन संस्थेनं 1995 मध्येच नोंदवलं आहे. एखाद्या रविवारी कुणी आजारी पडत नाही, पण दर रविवारी पॉलिशपेपर मारणाऱ्यानं चांगला मास्क लावावा आणि खोलीत पंखा बाहेर हवा फेकणारा बसवावा. शिसमाच्या धुळीनं तर काहींच्या अंगावर पुरळ उठतं.

आता काठवटीकडे येतो. मागच्या वर्षी राजपुऱ्यातलं आमचं जुनं घर उतरवलं. वाटण्या झाल्या, भावंडं इंदूर-पुणे-बंगळुरूला, घर सांभाळणार कोण? सागवानी तुळया आणि खांब जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यानं उचलले. एक खांब मी मागून घेतला. आत्याला कळलं तसा तिचा फोन आला. "त्याची मला काठवट करून दे. आईच्या घरचं लाकूड आहे, त्यात पीठ मळीन."

नव्या पिढीतल्या वाचकांसाठी: काठवट म्हणजे भाकरीचं पीठ मळायची लाकडी परात. आपल्याकडे आणि खानदेशात जुन्या घरांत अजून सापडते. म्हणजे ज्याला व्हिडिओत 'वुडन बाउल' म्हणतात तो आपल्याकडे होताच, आणि शोभेसाठी नव्हे.

मी आत्याला नाही म्हटलं. खांबावर ऑइल पेंटचे पाच-सहा थर होते. घरगुती रंगात शिसं 90 पीपीएमच्या वर नको हा नियम 2017 मध्ये लागू झाला. त्याआधीच्या रंगात किती असेल ते रंगालाच माहीत. शिवाय वाळवीसाठी त्या घरात वर्षानुवर्षं काय काय ओतलं गेलं होतं. बाहेरचा थर करवतीनं काढता येतो, पण लाकडानं आत काय शोषून घेतलंय ते डोळ्यांना दिसत नाही. किल्ल्या ठेवायला ते लाकूड उत्तम, भाकरीच्या पिठाला नको. आत्याला हे पटलं नाही. "आम्ही त्याच घरात जेवलो-खाल्लो ना रे," म्हणाली आणि फोन ठेवला. पुढचे दोन महिने माझ्याशी बोलणं फक्त आईमार्फत.

खांबातून खिळे शोधून काढायलाच दोन रविवार गेले. सागवानात वाळूसारखी सिलिका असते, धार दर दहा मिनिटांनी लावावी लागली. चुलत-आते भावंडांसाठी त्यातून अकरा पेनं झाली आणि तीन छोटे वाडगे.

मग जूनच्या वादळात आत्याच्याच परसातला आंबा पडला. तिनं आईमार्फत निरोप पाठवला, "त्याला सांग, याला तर रंग दिलेला नाही."

ओल्या लाकडाची काठवट करायची तर आपल्या गावात दोन्हीकडून परीक्षा. उन्हाळ्यात इथली हवा इतकी कोरडी की ओला ठोकळा दोन दिवसांत तडकतो. पावसाळ्यात आंब्याला बुरशी लगेच धरते. म्हणून ओंडका पडल्या आठवड्यातच फाडला. मधला गाभा काढून टाकला, कारण चिरा तिथूनच सुटतात. 10 इंची वाडगा जाड भिंतीचा, इंचभर जाडीचा, कच्चा कातून ठेवला. व्यासाच्या एक दशांश जाडी ठेवावी, हा नेहमीचा अंदाज. कडेला मेण फासलं, कागदी पिशवीत लाकडाच्याच भुशात गाडलं आणि दर रविवारी स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन लिहीत गेलो. पहिल्या दिवशी 1580 ग्रॅम. दिवाळीच्या सुमाराला 1010वर येऊन थांबलं. अर्ध्या किलोहून जास्त पाणी उडालं होतं.

एवढं पाणी गेलं की वाडगा गोल राहत नाही. लाकूड वर्षवलयांच्या दिशेनं जितकं आकसतं, तितकं गाभ्याकडून सालीकडे आकसत नाही. फरक साधारण दुपटीचा. त्यामुळे तो लंबगोल होतो. जाड भिंत ठेवायची ती यासाठीच, की वाळल्यावर पुन्हा लेथवर चढवून गोल करता यावा. शेवटी जवसाचं तेल दिलं. ते हवेत घट्ट होतं, शेंगदाण्याच्या तेलासारखं खवट होत नाही. मात्र तेलाची चिंधी गोळा करून फेकू नका. ती आपोआप तापून पेटू शकते. पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा. काठवट महिनाभर तशीच वाळू दिली.

आत्यानं ती आधी उलटी केली, ठोकून पाहिली, वास घेतला. मग त्यात कळण्याच्या भाकरीचं पीठ मळलं. "बूड थोडं अजून जड पाहिजे होतं, मळताना सरकते," एवढं म्हणाली. खाली ओलं फडकं घालून मळते आता. पुढची काठवट रुंद बुडाची करायची आहे. त्याच आंब्याचा दुसरा अर्धा भाग अजून भुशात आहे, परवाच्या रविवारी 1190 ग्रॅम भरला.

समाजातल्या मुलांपैकी कुणाला लेथ बघायचा असेल तर रविवारी सकाळी दहानंतर या. बंद बूट घाला, केस बांधा, ओढणी घरी ठेवा. भोवरा पहिल्याच दिवशी जमतो.