आरोग्य विम्याला वेगळा नियामक हवाच, पण दवाखान्यालाही जाब विचारणारा!

मंडळी, सोलापूरहून मुंबईपेक्षा हैदराबाद जवळ. विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या इर्डाईचं मुख्यालय तिथेच आहे. पण क्लेम अडकला की हे जवळचं हैदराबाद किती लांब आहे ते कळतं.

1999 च्या कायद्याने आलेली ही संस्था आयुर्विमा, गाडीचा विमा, आगीचा विमा, आरोग्य विमा सगळंच बघते. गाडी गॅरेजमध्ये चार दिवस उभी राहिली तर चालतं. आयसीयूतला माणूस कागदासाठी थांबत नाही.

नियम नाहीत असं नाही. मे 2024 मध्ये इर्डाईने सांगितलं, कॅशलेसवर एका तासात निर्णय द्या, डिस्चार्जची अंतिम मंजुरी तीन तासांत द्या, उशिरामुळे बिल वाढलं तर कंपनीने सोसा. कागदावर झकास! प्रत्यक्षात सकाळी सुट्टी झालेला पेशंट संध्याकाळपर्यंत कॉटवर आणि नातेवाईक काउंटरवर. कंपनी म्हणते, दवाखान्याने कागद दिले नाहीत. दवाखाना म्हणतो, टीपीएची क्वेरी आलीय. टीपीएचा फोन लागत नाही. 'का बे' म्हणून जाब विचारायचा तरी कुणाला?

इर्डाईचाच 2023-24 चा अहवाल बघा. सुमारे 1 लाख 17 हजार कोटींचे आरोग्य क्लेम आले, दिले साधारण 83 हजार कोटी. 15 हजार कोटी कापले, जवळपास 11 हजार कोटी थेट नाकारले, बाकीचे प्रलंबित. नाकारलेला प्रत्येक क्लेम खरा होता असं मी म्हणणार नाही. पण कोण खरं, हे पेशंट कॉटवर असताना ठरवणारं कुणीच नाही.

खरी मेख पुढे आहे. इर्डाईचा हात कंपनी आणि टीपीएपर्यंतच पोचतो. दवाखाना येतो राज्याच्या 1949 च्या नर्सिंग होम कायद्याखाली, शहरात त्याची नोंदणी महापालिकेकडे. 2021 च्या नियमांनी रुग्णहक्क सनद आणि दरपत्रक लावणं बंधनकारक केलं. पुढच्या वेळी जाल तेव्हा ते भिंतीवर शोधा. केंद्राचा 2010 चा क्लिनिकल एस्टॅब्लिशमेंट कायदा महाराष्ट्राने स्वीकारलेलाच नाही. फुले योजना तर तिसरंच दार. 2012 साली ती राजीव गांधी योजना म्हणून ज्या आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यात आपलं सोलापूर होतं. ती चालवते राज्याची सोसायटी. पेशंट एक, दारं तीन.

काहीजण म्हणतील, आणखी एक ऑफिस कशाला? इर्डाईतच माणसं वाढवा. वाढवा की! पण माणसं वाढवून दवाखान्यावरचा अधिकार येतो का? पेन्शनला वेगळा नियामक आहे, बिल्डरसाठी 2017 पासून महारेरा आहे. दक्षिण आफ्रिकेत 1998 च्या कायद्याने वैद्यकीय योजनांसाठी वेगळी परिषद आहे. मग आपल्या जिवालाच का नको?

अडचण खरी आहे. विमा केंद्राचा विषय, दवाखाने राज्याचा. पण जीएसटी परिषदेत केंद्र आणि राज्यं एकत्र बसली आणि 22 सप्टेंबर 2025 पासून वैयक्तिक आरोग्य विम्यावरचा 18 टक्के कर शून्य झाला. कर काढायला जमतं, तर हेही जमेल.

म्हणून मागणी स्पष्ट हवी. कंपनी, टीपीए आणि दवाखाना तिघांना एकत्र बोलावण्याचा अधिकार. क्लेम कापला तर कारण मराठीत, लेखी. आणि तक्रारीची सुनावणी जिल्ह्यात. हे नसेल तर नवा नियामक म्हणजे नवी पाटी, नवी गाडी आणि आपल्याला नवा हेलपाटा.

तोवर एक करा. कंपनीकडे लेखी तक्रार द्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे जा. फी नाही, वकील लागत नाही. आणि मत मागायला येतील त्यांना विचारा, आमच्या क्लेमचा वाली कोण?

पटलं तर पुढे पाठवा. पटलं नाही तर कमेंटमध्ये भांडा, पण मुद्द्यावर.