गायीचं दूध आणि हार्टचा फोटो

ऑफिसात डबे उघडले की हल्ली एक विषय हमखास निघतो, आई-बाबांचं हार्ट. कुणाच्या बाबांना जिना चढताना धाप लागते, कुणाच्या काकांची अँजिओ झालेली असते. आणि मग तो शब्द येतोच, 'स्ट्रेस थॅलियम'. डॉक्टरांनी लिहून दिलं, आपण काउंटरवर कार्ड स्वाइप केलं, विषय संपला!

पण मंडळी, नाव थॅलियमचं असलं तरी बहुतेक ठिकाणी शिरेतून देतात ते टेक्नेशियम. हे माणसाने कृत्रिमरीत्या तयार केलेलं पहिलं मूलद्रव्य. 1937 साली इटलीत पालेर्मोला सेग्रे आणि पेरिए यांनी ते ओळखलं. हॉस्पिटलात वापरतात त्या टेक्नेशियम-99एमचा अर्धा भाग 6 तासांत संपतो. म्हणजे साठवून ठेवायची सोयच नाही. मग करायचं काय? त्याचा बाप, मॉलिब्डेनम-99, जरा दमाचा. त्याला 66 तास लागतात. तो एका छोट्या जनरेटरमध्ये भरून आणायचा आणि सलाइन सोडून रोज ताजं टेक्नेशियम काढायचं. लॅबवाले या यंत्राला चक्क 'गाय' म्हणतात आणि या कामाला दूध काढणं!

आता हे दूध नेमकं हार्टमध्येच कसं पोचवायचं? इथे केमिस्ट्रीवाले कामाला आले. एमआयटीचे अ‍ॅलन डेव्हिसन आणि हार्वर्ड मेडिकल स्कूलचे अ‍ॅलन जोन्स यांनी टेक्नेशियमच्या एका अणूभोवती आयसोनायट्राइलचे सहा रेणू बसवले. सुरुवातीच्या एका संयुगाचे प्राण्यांमधले फोटो झकास आले. माणसांत मात्र ते फुप्फुसात आणि लिव्हरमध्ये जाऊन बसलं आणि हार्ट झाकोळलं. मग रेणू बदलून बघितले आणि त्यातून आलं सेस्टामिबी. 'सेस्टा' म्हणजे सहा. हे संयुग धनभारित आणि चरबीत विरघळणारं, त्यामुळे पेशीत शिरून मायटोकाँड्रियात अडकतं. आणि हृदयाचे स्नायू मायटोकाँड्रियाने खच्चून भरलेले! अमेरिकेत 1990 मध्ये त्याला परवानगी मिळाली, 'कार्डिओलाइट' या नावाने.

टेस्टमध्ये एक इंजेक्शन ट्रेडमिलवर दमल्यावर, एक विश्रांतीत. दमल्यावर फोटोत फिका दिसणारा भाग विश्रांतीत भरून आला, तर तिथे रक्त कमी पडतंय, पण स्नायू जिवंत आहे. दोन्ही वेळा फिकाच राहिला, तर बहुधा जुन्या अ‍ॅटॅकचा व्रण. अँजिओग्राफी पाइप कुठे अरुंद झालाय ते दाखवते, ही टेस्ट स्नायूपर्यंत पाणी पोचतंय का ते सांगते. स्टेंट टाकायचा की गोळ्यांवर भागेल, हे ठरवताना हा फरक कामाला येतो.

आणि ही साखळी नाजूक आहे बरं का. मे 2009 मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची अणुभट्टी गळतीमुळे बंद पडली ती ऑगस्ट 2010 पर्यंत, आणि जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. आपल्याकडे या रेडिओ-औषधांचं मोठं काम चालतं ते वाशीच्या 'ब्रिट'मध्ये.

तेव्हा पुढच्या वेळी बाबांसोबत जाल तेव्हा दोन प्रश्न आधीच विचारून घ्या. चहा-कॉफी कधीपासून बंद? बीपीच्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या? मनाने एकही गोळी बंद करू नका. आणि छातीत आत्ता दुखत असेल, तर ही टेस्ट राहू द्या. आधी कॅज्युअल्टी गाठा.