खंडेनवमीचे शस्त्र आणि चापाचे वजन

खंडेनवमीला शस्त्रांना हळदकुंकू वाहणारा आपला समाज वर्षाच्या उरलेल्या दिवसांत शस्त्राकडे एकतर पाप म्हणून पाहतो, नाहीतर दागिना म्हणून. पहिला दोष पुरोगामी विचारवंतांच्या माथी मारून आपण मोकळे होतो. दुसरा मात्र आपल्याच घरातला आहे.

लिटनच्या राजवटीत १८७८ साली शस्त्रकायदा आला. युरोपियनांना सूट आणि हिंदी माणसाला परवाना, असा तो उघड वर्णभेद होता. स्वतंत्र भारताने १९५९ साली आपला कायदा केला. पण नागरिकाविषयीचा अविश्वास संपला का? १९८० च्या दशकात आयातीचे दार सामान्य नागरिकासाठी जवळजवळ बंद झाले आणि ०.३२ बोअरचे नवे रिव्हॉल्व्हर म्हणजे सरकारी आयुधनिर्माणीचे, हे समीकरण अनेक वर्षे टिकले. गिऱ्हाईक दावणीला बांधलेले असले की माल सुधारण्याची निकड कोणाला वाटणार?

२०१४ साली कानपूरहून ‘निर्भीक’ आले. महिलांच्या संरक्षणासाठी म्हणून मोठा गाजावाजा झाला. वजन सुमारे ५०० ग्रॅम, किंमत सव्वा लाखाच्या घरात. हलकेपणाचे कौतुक भरपूर झाले. चापाविषयी मात्र चकार शब्द ऐकू आला नाही. घोडा आधी हाताने मागे न ओढता रिव्हॉल्व्हर झाडायचे, तर त्याच एका बोटाच्या बळावर घोडाही उचलावा लागतो आणि काडतुसांचे चक्रही फिरवावे लागते. त्याला सर्वसाधारणपणे चार-पाच किलोंचा जोर लागतो. अर्ध्या किलोचे शस्त्र आणि त्यावर चार किलोंची ओढ! नळी हलणार नाही तर काय होईल? शिवाय हलके शस्त्र हाताला धक्काही अधिक देते. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत ज्या २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले, तेथे चापाचे किमान वजन एक किलो असते. अर्थात घरगुती रिव्हॉल्व्हरचा जड चाप हे अपघातापासूनचे संरक्षणही आहे, हे मान्य. वैर आहे ते खरखरीत, मध्येच अडणाऱ्या चापाशी.

म्हणून पहिले रिव्हॉल्व्हर घेणाऱ्याने मुठीची चकाकी पाहू नये. विक्रेत्याची अनुमती घेऊन, शस्त्र रिकामे असल्याची स्वतः खात्री करून, नळी सुरक्षित दिशेला ठेवून चाप सावकाश ओढावा. ओढ अखेरपर्यंत एकसारखी लागते काय? बोटाचे पहिले पेर चापावर सहज पोहोचते काय? घोडा पडताना चक्र घट्ट बसलेले असते काय? आणि स्प्रिंग कापून चाप ‘मऊ’ करून देणाऱ्या मिस्त्रीच्या तर वाऱ्यालाही उभे राहू नये. घोड्याचा ठोका दुबळा झाला की काडतूस नेमके ऐन वेळी दगा देते.

उत्तर प्रदेशातील संडीला येथे वेब्ली अँड स्कॉटची रिव्हॉल्व्हरे बनू लागली आणि २०२३ साली कानपूरच्या सरकारी कंपनीने बाजूला उघडणाऱ्या चक्राचे ‘प्रबल’ आणले. स्पर्धेची चाहूल लागताच सरकारी कारखान्याला नवी रचना सुचावी, हा काय निव्वळ योगायोग? २०१६ च्या नियमांनी परवान्यासाठी सुरक्षाप्रशिक्षणाची अट घातली, ते योग्यच झाले. मग त्याच न्यायाने, लाखभर रुपये मोजणाऱ्या परवानाधारकाला विकत घेण्यापूर्वी अधिकृत मैदानावर दहा गोळ्या झाडून पाहू द्याव्यात. स्वदेशीच्या नावाने विकणाऱ्यांनी एवढ्या परीक्षेला का भ्यावे?